पायथनच्या लिस्टमध्ये मोजणी शून्यापासून!

कोडिंग नुकतंच शिकायला घेतलंय? मग ही लिस्ट बघा:

स्थानके = ["चर्चगेट", "मरीन लाइन्स", "चर्नी रोड", "ग्रँट रोड", "मुंबई सेंट्रल"]

(हो, पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. कोडमधले आकडे मात्र इंग्रजीच हवेत.)

👉 स्थानके[0] म्हणजे चर्चगेट. इंडेक्स सांगतो की सुरुवातीपासून किती घरं पुढे जायचं. पहिल्यासाठी कुठेच जायचं नाही, म्हणून शून्य. चर्नी रोड तिसरं स्थानक, पण त्याचा इंडेक्स २.

👉 स्थानके[-1] म्हणजे मुंबई सेंट्रल. उणे आकडा शेवटाकडून मोजतो, त्यामुळे लिस्टची लांबी माहीत नसली तरी शेवटची वस्तू मिळते.

👉 स्थानके[1:3] दिलंत तर मरीन लाइन्स आणि चर्नी रोड मिळतात. सुरुवातीचा इंडेक्स धरला जातो, शेवटचा सोडला जातो. म्हणून ३ वजा १, बरोबर दोन स्थानकं!

👉 स्थानकं पाच, म्हणजे शेवटचा इंडेक्स ४. स्थानके[5] मागितलंत की इंडेक्स एरर. गंमत म्हणजे स्थानके[2:50] लिहिलं तर पायथन तक्रार करत नाही, असतील तेवढी देतो.

सी, जावा, जावास्क्रिप्टमध्येही मोजणी शून्यापासूनच. आर, ल्युआ आणि ज्युलिया मात्र एकपासून मोजतात, त्यामुळे भाषा बदलताना आधी एवढं तपासाच.

आता सांगा, स्थानके[-2] काय देईल? उत्तर आधी कागदावर लिहा, मग कोड चालवून पडताळा.