घरात समुद्र ठेवायचा झाला तर



समजा, शाळेची सहल मालवणला जाऊन आली. दुसऱ्या दिवशी एका मुलाने खिशातून पांढरा, भोकाभोकांचा खडा काढला, गुरुजींच्या टेबलावर ठेवला आणि विचारले, "गुरुजी, हा दगड की हाड?" गुरुजींनी सांगावे, "बाळ, हे घर आहे." प्रवाळ नावाचा इवलासा प्राणी समुद्राच्या पाण्यातून चुना काढून घेतो आणि स्वतःखाली हे बांधकाम करतो. एकाच्या घरावर दुसऱ्याचे घर, असे हजारो वर्षे चालले म्हणजे प्रवाळाचे मोठाले खडक उभे राहतात.

मुलगा लगेच दुसरा प्रश्न विचारणार, "मग जिवंत प्रवाळ घरी पाळता येईल का?" आज आपण या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करू.

पाळता येतो. १८४६ साली अॅना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की गावच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला नेले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत एका मासिकात मांडली : समुद्रातले जिवंत खडक, भरपूर उजेड आणि हवेचे बुडबुडे. आज अमेरिकेत, युरोपात, जपानात हौशी लोक दिवाणखान्यात हजार हजार लिटरच्या टाक्या ठेवतात. अशी टाकी बांधताना काय काय पाहावे लागते, ते ऐकण्यासारखे आहे.

पहिला हिशेब वजनाचा. टाकी २ मीटर लांब, ७५ सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर उंच धरा. तीत १,०५० लिटर पाणी मावते. पाणी, काच, आतले खडक, खालचे टेबल असे सगळे मिळून दीड टन सहज भरते. म्हणजे एका बाजेपेक्षाही कमी जागेत पन्नास किलोची तीस पोती रचल्यासारखे झाले! राहत्या घराच्या स्लॅबचा हिशेब करताना आपल्याकडे दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरतात. इथे तो १,००० किलोवर जातो. म्हणून शहाणा माणूस टाकी तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवर ठेवतो. वरच्या मजल्यावर ठेवायचीच असेल तर आधी इंजिनियरला विचारतो.

दुसरा हिशेब काचेचा. काचेवरचा दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो. टाकी दोन मीटर लांब असो की दहा मीटर, तळाशी दाब तेवढाच. धरणाची भिंत पायाशी रुंद का ठेवतात, त्याचे कारणही हेच. आपल्या टाकीच्या समोरच्या काचेवर एकूण ५०० किलोच्या आसपास जोर पडतो. शिक्षकांनी हे गणित वरच्या वर्गाला जरूर घालावे.

आता पाणी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या टाकीला ३७ किलो लागतील. पण वाण्याकडचे मीठ आणून चालत नाही बरं का! समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियम असते, पोटॅशियम असते आणि दर लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रवाळ घर बांधतो ते याच कॅल्शियमवर. तो जसजसा वाढतो तसतसे पाण्यातले कॅल्शियम कमी होते आणि मालकाला ते मोजून परत घालावे लागते. विहिरीचे पाणीही तसेच ओतता येत नाही. त्यात शेतातून झिरपलेले नायट्रेट असू शकते, आणि नळावाटे तांब्याचा अंश आला तर तो प्रवाळाला विषच. म्हणून आधी पाणी गाळून अगदी शुद्ध करतात आणि मग त्यात क्षार मिसळतात.

कोकणातल्या मिठागरात काय होते? पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. टाकीतही तेच होते. रोज पाच-दहा लिटर पाणी वाफ होऊन जाते आणि उरलेले खारट होत जाते. ही रोजची तूट गोड्या पाण्याने भरायची. खारे पाणी घालत राहाल, तर महिन्याभरात घरात मिठागर होईल.

पाणी तयार झाले, आता मासे आणि प्रवाळ सोडावेत? थांबा. नवा हौशी माणूस चुकतो तो इथेच. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो आणि तोच त्यांना मारतो. तुमच्या शेतातही अमोनियाची खते पडतात. मातीतले सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते पिकाला लागू पडते. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जंतू ओळखले. टाकीतही असेच जंतू खडकांवर वस्तीला यावे लागतात. दुधाला विरजण लावतात तसा जुन्या टाकीतला एखादा खडक आणून ठेवतात आणि चार ते सहा आठवडे वाट पाहतात. पाणी तपासून अमोनिया चढला, उतरला, मग नायट्राइट चढले, तेही उतरले असे दिसले, म्हणजे टाकी लागली. विरजण लावल्यावर आपण दही ढवळत बसत नाही. इथेही घाई केली की सगळे नासते.

मोठ्या टाकीखाली एक हौद असतो. वरचे पाणी सांडव्यावरून त्यात उतरते आणि पंप ते परत वर चढवतो. हौदात एक फेसाचे यंत्र बसवतात. गुऱ्हाळात काहिलीवर आलेली मळी आपण झाऱ्याने काढतो ना, तसलाच हा प्रकार. बारीक बुडबुड्यांना पाण्यातली घाण चिकटते, फेस होऊन वर येते आणि बाजूला काढता येते. हौद किती मोठा असावा? वीज गेली की पंप थांबतो आणि वरचे पाणी सांडव्यापर्यंत खाली येते. पातळी ३ सेंटिमीटर उतरली तरी ४५ लिटर पाणी झाले. हौदात तेवढी जागा रिकामी नसेल, तर ते पाणी घरभर होणार!

उरले उजेड, प्रवाह आणि उष्णता. प्रवाळाच्या अंगात एकपेशीय शेवाळ राहते. ते उजेडात अन्न तयार करते आणि प्रवाळाची बरीचशी भूक भागवते. म्हणून टाकीवर प्रखर दिवे लागतात आणि लाटांसारखे पाणी हलते ठेवावे लागते. उष्णता साधारण २५-२६ अंश हवी. आपल्याकडच्या वैशाखात ती राखायची तर पाणी थंड करणारे यंत्र रात्रंदिवस चालले पाहिजे. पाणी फार तापले की प्रवाळ ते शेवाळ गमावतो आणि पांढराफटक पडतो. तसाच राहिला तर उपाशी मरतो. समुद्रातही हेच घडते. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त ताप काही आठवडे टिकला तरी पुरे. लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली असेच पांढरे पडले.

आता त्या मुलाला काय सांगायचे? खरे तेच सांगावे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारे सगळे प्रवाळ घातले गेले. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. आपल्या समुद्रातून तो काढणे, विकणे, घरी आणणे हा गुन्हा आहे, मग तुकडा जिवंत असो वा मेलेला. मालवणच्या समुद्राचा काही भाग तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेव्हा खिशात घालून आणलेला तो खडा कपाटात मांडू नये. गुरुजींनी वनखात्याच्या माणसाला विचारून तो त्यांच्या हवाली करावा आणि पुढच्या सहलीआधी मुलांना नीट बजावावे.

मात्र शाळेत धडा देता येतो. गोड्या पाण्याची पन्नास लिटरची टाकी, थोडी वाळू, पाणवनस्पती आणि डासांसाठी गावात सोडतात ते गप्पी मासे एवढे पुरे. आधी दोनच मासे सोडा, अन्न चिमूटभर घाला, आठवड्याला थोडे पाणी बदला. अमोनियाची तीच कथा मुलांना डोळ्यांसमोर दिसेल.

आणि तो दीड टनाचा हिशेब त्यांना पुन्हा एकदा सांगा. दिवे, पंप, थंड यंत्र, मोजून घातलेला चुना आणि रात्रंदिवस जागता मालक, एवढे सगळे लागते तेव्हा कुठे हजार लिटर पाण्यात चार प्रवाळ जगतात. समुद्र हे काम फुकट करतो. फक्त आपण त्याचे पाणी तापवू नये, त्यात घाण सोडू नये आणि तिथला खडा खिशात घालू नये.