एंजिन-तपासणी दिवा

एंजिन-तपासणी दिवा : मोटारगाडीच्या डॅशबोर्डावरील, एंजिनाच्या आकृतीचा पिवळा किंवा नारिंगी इशारादर्शक दिवा. इंधनपुरवठा, प्रज्वलन किंवा निष्कास वायूंचे शुद्धीकरण यांत गाडीतील नियंत्रक संगणकाला दोष आढळल्यास तो लागतो. चावी फिरविल्यावर दिवा लागणे व एंजिन सुरू होताच विझणे, हे सुस्थितीचे लक्षण होय. चावी फिरवूनही तो लागत नसेल, तर तो निकामी झालेला असतो किंवा जुनी गाडी विकताना दोष लपविण्यासाठी मुद्दाम तोडलेला असतो.

कुर्ला (मुंबई) येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत असा दिवा नसे. एंजिनाचा आवाज, धुराचा रंग व स्पार्क प्लगवरील काजळी यांवरून मिस्त्री दोष ओळखीत. स्वयंनिदानाची समान पद्धत अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झाली. भारतात भारत स्टेज-४ मानकांबरोबर २०१० पासून ती प्रथम मोठ्या शहरांत आली व १ एप्रिल २०१७ पासून ही मानके देशभर लागू झाली. त्यापूर्वीच्या कित्येक गाड्यांत दिवा असला, तरी जोडणी व संकेतांक त्या त्या कारखान्याचे असतात. तेथे सर्वसाधारण स्कॅनर चालेलच असे नाही.

दिवा स्थिर असल्यास गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असल्यास मात्र सिलिंडरमध्ये ठिणगी चुकत असते. न जळलेले पेट्रोल निष्कास नळीतील उत्प्रेरकी परिवर्तकात जाऊन पेटते व तो महागडा भाग वितळू शकतो. अशा वेळी गाडी थांबविणे इष्ट.

निदानासाठी सुकाणूचक्राखालील १६ टोकांच्या जोडणीला स्कॅनर लावून संकेतांक वाचतात. उदा., पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरात ठिणगी चुकणे, पी०१७१ म्हणजे मिश्रण विरळ असणे. संकेतांक लक्षण सांगतो, सदोष भाग नव्हे. हे न जाणता ऑक्सिजन संवेदक बदलला जातो, पैसे जातात आणि दिवा पुन्हा लागतो. पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने त्याच्या सु. १४.७ पट हवा लागते. संवेदक हे प्रमाण बिघडल्याचे कळवितो, आणि बहुधा तो खरेच सांगत असतो. मिश्रण विरळ होण्याचे कारण शोधण्यास संगणक किती जादा इंधन सोडीत आहे, हे स्कॅनरवर पाहावे. हवाप्रवाहमापक असलेल्या गाडीत ही वाढ एंजिन मंद चालताना अधिक व वेग वाढविल्यावर कमी होत असेल, तर निर्वात नळीतून हवा आत शिरत असते. भार वाढताच ती वाढत असेल, तर इंधनपंप, इंधनगाळणी किंवा मळलेला हवाप्रवाहमापक यांचा संशय घ्यावा. ठिणगीच्या दोषात दोन सिलिंडरांची प्रज्वलन वेटोळी अदलाबदल करून पाहणे, ही बिनखर्चाची व खात्रीची कसोटी होय : दोष वेटोळ्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरात गेला, तर वेटोळेच सदोष.

जुन्या गाडीत संवेदकांपेक्षा रबर व तारा आधी दगा देतात. यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनसारख्या ठिकाणी याची कारणे उघड दिसतात. विदर्भातील कडक उन्हाळ्याने निर्वात नळ्या कडक होऊन तडकतात. चुनखडी, कोळसा व सिमेंट यांची वाहतूक असलेल्या रस्त्यांवरील धूळ हवागाळणीत साचते व गाळणी नीट बसलेली नसल्यास थेट आत जाते. पावसाळ्यात जोडण्या गंजतात. उभ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात. म्हणून स्कॅनर लावण्यापूर्वी बॅटरीची टोके, भूजोडणी, नळ्या व हवागाळणी डोळ्यांनी तपासणे श्रेयस्कर. पुष्कळदा काम तेथेच भागते.

बॅटरीची तार काढून दिवा विझविण्याची युक्ती सर्रास केली जाते. तीमुळे अनेक गाड्यांत संकेतांक आणि दोष उद्भवला त्या क्षणीचा वेग, तापमान व भार यांची नोंद पुसली जाते, दोष मात्र तसाच राहतो. दुरुस्ती खरी असल्यास, समान पद्धतीच्या गाड्यांत सामान्यतः दोषरहित अशा तीन फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. [⟶ मोटारगाडी].