ॲम्प्लिफायर बदलावा की राहू द्यावा?

१९७८ साली इंग्लंडमध्ये एक साधी पण नेमकी चाचणी झाली. ‘क्वाड’ या नामांकित ब्रिटिश कंपनीचे तीन ॲम्प्लिफायर त्यासाठी निवडले होते. पहिला ‘क्वाड टू’, १९५३ चा, व्हॉल्व्हवर म्हणजे निर्वात नळ्यांवर चालणारा, १५ वॅटचा. दुसरा ‘३०३’, १९६७ चा, ट्रान्झिस्टरचा, ४५ वॅटचा. तिसरा त्या वेळी अगदी नवा असलेला ‘४०५’, १९७५ चा, १०० वॅटचा. एकाच कंपनीच्या या तीन पिढ्यांमध्ये बावीस वर्षांचं अंतर होतं. जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञाने ऐकणाऱ्यांना कोणता ॲम्प्लिफायर वाजतो आहे हे न सांगता संगीत ऐकवलं आणि ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाच्या जुलै अंकात निकाल मांडला. ऐकणाऱ्यांनी नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी साधारण तितकीच बरोबर आली असती.

घरातला ॲम्प्लिफायर चांगला चालत असताना त्याची नवी आवृत्ती बाजारात आली की संगीतप्रेमी माणूस अस्वस्थ होतो. नव्या मॉडेलच्या पत्रकात वॅट वाढलेले असतात, डिस्टॉर्शनच्या, म्हणजे मूळ आवाजात होणाऱ्या भेसळीच्या, आकड्यात दशांशचिन्हानंतर आणखी दोन शून्यं आलेली असतात. जुना विकून नवा घ्यावा का? या प्रश्नाचं उत्तर कानाच्या आणि विजेच्या मोजता येणाऱ्या गुणधर्मांत सापडतं.

ॲम्प्लिफायरचं काम थोडक्यात सांगता येतं. सीडी प्लेअरमधून बाहेर पडणारा संकेत फार तर दोन व्होल्टचा असतो आणि त्यात स्पीकरचा पडदा हलवण्याइतका विद्युतप्रवाह नसतो. तोच संकेत, आकार जराही न बदलता, मोठा करून द्यायचा. ‘आकार न बदलता’ या अटीनेच अभियंत्यांना वर्षानुवर्षं छळलं. २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत बेल टेलिफोन लॅबोरेटरीजचे अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक यांना त्यावरचा तोडगा सुचला आणि तो त्यांनी हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच टिपून ठेवला. बाहेर पडणाऱ्या संकेताचा एक भाग उलटा करून पुन्हा आत द्यायचा. मग ॲम्प्लिफायरने घातलेली भेसळ स्वतःच स्वतःला खोडून काढते. हाच निगेटिव्ह फीडबॅक. दूरच्या टेलिफोन तारांसाठी शोधलेली ही युक्ती पुढे घरोघरच्या ॲम्प्लिफायरमध्ये आली. १९४७ मध्ये अभियंते डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये छापलेल्या आराखड्यात १५ वॅटला डिस्टॉर्शन अवघं ०.१ टक्का होतं, आणि तेही व्हॉल्व्ह वापरून.

संगीत चालू असताना याहून कमी डिस्टॉर्शन कानाने ओळखणं बहुतेकांना जमत नाही. आजचे ‘क्लास डी’ प्रकारच्या रचनेचे उत्तम ॲम्प्लिफायर तर ०.००१ टक्क्याच्याही खाली जातात. त्यांना जोडलेला स्पीकर मात्र मोठ्या आवाजात खर्जाचे सूर वाजवताना सहज एक टक्का किंवा त्याहून जास्त डिस्टॉर्शन निर्माण करतो. ॲम्प्लिफायरच्या पत्रकात वाढलेली शून्यं अभियांत्रिकीचं खरं यश आहेत, पण ती स्पीकरच्या पडद्यापाशी पोहोचेपर्यंत झाकली जातात.

तरीही दुकानात नवा ॲम्प्लिफायर ‘मोकळा’, ‘भरदार’ का वाटतो? सगळ्यात मोठं कारण आवाजाची पातळी. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिलं की आवाज जसा वाढतो तसा कान खर्जाला अधिक प्रतिसाद देऊ लागतो. दोन ॲम्प्लिफायरमध्ये अर्ध्या डेसिबलचा फरक असला, तर ऐकणाऱ्याला ‘मोठा झाला’ असं वाटत नाही. ‘चांगला झाला’ असं वाटतं. व्हॉल्यूमचं बटण दोन्हीकडे एकाच खुणेवर ठेवल्याने पातळी सारखी होत नाही, कारण प्रत्येक ॲम्प्लिफायर संकेत वेगवेगळ्या पटीत वाढवतो.

ही पातळी घरी जुळवता येते. शंभर-दोनशे हर्ट्झचा स्थिर सूर लावायचा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टोकांशी मोजायचं आणि दोन्ही ॲम्प्लिफायरचे व्होल्ट एक टक्क्याच्या आत आणायचे. एक टक्का म्हणजे डेसिबलचा दहावा भाग. हजार हर्ट्झचा सूर टाळलेला बरा. स्वस्त मीटर त्या वारंवारतेला नेहमीच नीट मोजत नाहीत. मग कुणीतरी पडद्याआड राहून दर वेळी नाणं उडवून ॲम्प्लिफायर निवडावा, वायर बदलताना दोन्ही यंत्रं बंद करावीत, आणि ऐकणाऱ्याने फक्त ‘जुना’ की ‘नवा’ एवढंच लिहावं. दहापैकी सहा-सात उत्तरं बरोबर येणं ही योगायोगाची गोष्ट आहे. नऊ किंवा दहा बरोबर आली, तर मात्र ती केवळ नशिबाने येण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास उरते. तेव्हा फरक खरा मानावा.

अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने जानेवारी १९८७ मध्ये अशाच पद्धतीच्या चाचणीचा निकाल छापला. तिच्यात सुमारे २२० डॉलरच्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या जोडीपर्यंत यंत्रं होती. महागडा ॲम्प्लिफायर ओळखता येतो असं ठामपणे मानणारे लोकही ऐकायला बसले होते. एकूण उत्तरांपैकी निम्मीच बरोबर आली.

यावरून ‘सगळे ॲम्प्लिफायर सारखेच’ असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल. फरक असतो तिथे तो मोजताही येतो आणि त्याची कारणंही माहीत आहेत. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर या अमेरिकी अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाचं आव्हान स्वीकारलं. मासिकाने निवडलेल्या अतिशय महागड्या ॲम्प्लिफायरचा आवाज त्याने स्वतःच्या सुमारे ७०० डॉलरच्या ॲम्प्लिफायरमधून काढून दाखवायचा होता. सँटा फे इथल्या हॉटेलच्या खोलीत बसून कार्व्हरने आपल्या सर्किटमध्ये फेरफार केले. दोन्ही ॲम्प्लिफायरच्या संकेतांची वजाबाकी करत तो फरक कमी करत गेला. अखेरीस संपादकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. सुरुवातीला दोन्ही यंत्रांत फरक होता, आणि तो नेमका कशामुळे होता हे शोधून तो मिटवता आला.

अशा फरकामागे बहुतेकदा ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रवाहाला त्याच्या स्वतःच्या आतून होणारा विरोध, असतो. पाठीवर ‘८ ओहम’ छापलेला स्पीकर प्रत्यक्षात एका सुराला चार-पाच ओहम आणि दुसऱ्या सुराला तीस ओहमसुद्धा असू शकतो. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स एक ओहम असेल, जसा काही व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा असतो, तर स्पीकरच्या या चढउतारांनुसार आवाज सुमारे दीड डेसिबलने वरखाली होतो. कानाला हे नक्की कळतं, आणि काहींना ते आवडतंही. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये हाच परिणाम डेसिबलच्या दहाव्या भागाइतका उरतो.

म्हणून आवृत्ती बदलताना आधी विचारायचं ते हे: जुना ॲम्प्लिफायर नेमका कुठे कमी पडतो आहे? क्वाड ४०५ याचं चांगलं उदाहरण आहे. क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात ‘करंट डम्पिंग’ ही रचना वापरली. लहान, अचूक ॲम्प्लिफायर आवाजाची शुद्धता सांभाळतो आणि मोठे ट्रान्झिस्टर फक्त प्रवाह ओततात; त्यांच्या चुका चार घटकांच्या तोलातून खोडल्या जातात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ४०५-२ आला. त्याचे वॅट शंभरच राहिले. बदलली ती मुख्यतः ट्रान्झिस्टर जळू नयेत म्हणून प्रवाहाला मर्यादा घालणारी संरक्षक रचना आणि इनपुटचा आयसी. आठ ओहमच्या साध्या स्पीकरवर मध्यम आवाजात ऐकणाऱ्याला या बदलातून फारसं काही मिळणार नव्हतं. ज्याचा स्पीकर काही सुरांना तीन-चार ओहमपर्यंत खाली जातो आणि जो मोठ्या आवाजात ऐकतो, त्याच्यासाठी ४०५-२ सरस होता.

वॅटचा हिशेबही मांडून पाहावा. ५० ऐवजी १०० वॅट म्हणजे दुप्पट ताकद. आवाज मात्र फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. दिवाणखान्यात रोजच्या पातळीवर ऐकताना सरासरी ताकद वॅटभरच खर्च होते. पण संगीत सरासरीवर चालत नाही. तबल्याची थाप सरासरीपेक्षा वीस डेसिबल वर जाऊ शकते, म्हणजे त्या क्षणापुरते शंभर वॅट. तिथे २० वॅटचा ॲम्प्लिफायर लाटेचं टोक कापतो. याला क्लिपिंग म्हणतात. थाप बोथट किंवा चिरकी ऐकू येत असेल, तर अधिक ताकदीचा ॲम्प्लिफायर घेण्याला भक्कम कारण आहे.

काही तक्रारींचं मूळ जोडणीत असतं. क्वाड ४०५ ला पूर्ण ताकद द्यायला अर्धा व्होल्ट पुरतो, कारण तो क्वाडच्याच प्री-ॲम्प्लिफायरसाठी बनला होता. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली आणि तिचे प्लेअर दोन व्होल्ट देऊ लागले. मग व्हॉल्यूम जरासा उघडताच आवाज फार मोठा होतो आणि तानपुऱ्याच्या शांत भागात बारीक सळसळ जाणवते. दोन-तीन रेझिस्टर बसवून संकेत बारा डेसिबलने कमी केला की प्रश्न सुटतो. खर्च काही रुपयांचा.

वयाचाही विचार हवा. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, दुरुस्ती करणाऱ्यांच्या भाषेत कंडेन्सर, आतला द्रव सुकल्याने कालांतराने निकामी होतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यामुळे विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलेला ॲम्प्लिफायर लवकर म्हातारा होतो. स्पीकरमधून सतत घूंघूं ऐकू येणं, एक बाजू मंद होणं, व्हॉल्यूम फिरवताना खरखर होणं ही त्याची लक्षणं. असा म्हातारा सेट नव्या ॲम्प्लिफायरशेजारी ठेवला तर नवा जिंकणारच, पण त्या वेळी तुलना आवृत्त्यांची नसते, ताज्या आणि सुकलेल्या कंडेन्सरची असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कंडेन्सर आणि व्हॉल्यूम कंट्रोल सुटे मिळतात. जाणकार कारागिराकडून ते बदलून घेतल्यावर जुना ॲम्प्लिफायर पुन्हा मूळच्या आकड्यांवर येऊ शकतो. पॉवर सप्लायमध्ये वीज साठलेली असते, म्हणून हे काम नवख्याने करू नये.

आवाजापलीकडेही नवा घेण्याची खरी कारणं आहेत. ‘क्लास ए’ ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता सिद्धांतानेच ५० टक्क्यांपलीकडे जात नाही, ‘क्लास बी’ची ७८.५ टक्क्यांवर थांबते. ‘क्लास डी’ मात्र ९० टक्क्यांच्या पुढे जातो. दीडशे वॅट खाणारा क्लास ए सेट रोज चार तास चालला, तर महिन्याला अठरा युनिट वीज लागते आणि ती जवळजवळ सगळी खोली तापवण्यात जाते. टीव्हीसाठी एचडीएमआय, सबवूफरची जोडणी, खोलीनुसार आवाज दुरुस्त करणारी सोय या गोष्टीही जुन्या सेटमध्ये सहजी बसवता येत नाहीत.

खोलीचा परिणाम तर सगळ्या आकड्यांना मागे टाकतो. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये घुमत राहतो. एका खुर्चीत तो फुगलेला असतो, तर दोन पावलांवर जवळजवळ नाहीसा होतो. हा फरक दहा डेसिबलहून जास्त असू शकतो. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढणं, बसण्याची जागा बदलणं किंवा भिंतीवर पुस्तकांचं कपाट लावणं यातून होणारा बदल पाहुण्यालाही ऐकू येतो.

आता तीन घरं डोळ्यांपुढे आणता येतील. एका घरात २० वॅटचा ॲम्प्लिफायर चार ओहमच्या, कमी संवेदनशील स्पीकरना मोठ्या हॉलमध्ये वाजवतो आहे. तिथे नवा, ताकदवान ॲम्प्लिफायर घेणं रास्त आहे. दुसऱ्या घरात तीस वर्षांचा सेट घूंघूं करतो आहे; तिथे आधी कंडेन्सर बदलून मग ऐकावं. तिसऱ्या घरात शंभर वॅटचा निरोगी ॲम्प्लिफायर आहे आणि दुकानात त्याचीच नवी आवृत्ती आली आहे. तिथे मल्टिमीटर काढून पातळी जुळवावी, दहा वेळा न पाहता ऐकावं, आणि पाच-सहाच उत्तरं बरोबर आली तर ते पैसे चांगल्या स्पीकरसाठी बाजूला ठेवावेत.