तापाचीही नोंद ठेवावी

पावसाळ्यात शाळा सुरू झाल्या की घरोघरी मुलांच्या सर्दी-तापास आरंभ होतो. मुलाचे कपाळ गरम लागले की कपाटातील मागच्या आजारातले उरलेले औषध बाहेर निघते. हीच घाई टाळावयास हवी.

ताप हा स्वतः रोग नव्हे. जंतूंशी चाललेल्या शरीराच्या झुंजीची ती खूण आहे. थर्मामीटरवर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक आल्यास ताप समजावा. सर्दी २०० हून अधिक विषाणूंपैकी कशानेही होते आणि त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला, एवढ्यावरून ते सुरू करू नये. अकारण वापराने जिवाणू निर्ढावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध निकामी ठरते. सर्दीस विश्रांती, कोमट पाणी, पेज व थोडा धीर पुरतो. खोकला मात्र दोन आठवडेही रेंगाळतो.

तापाने मूल बेचैन झाल्यास पॅरासिटामॉल द्यावे. त्याची मात्रा डॉक्टर वजनावरून ठरवितात. ५ मिलिलिटरमध्ये कोठे १२० मिलिग्रॅम, तर कोठे २५० मिलिग्रॅम औषध असते; म्हणजे बाटली बदलली की तोच चमचा दुप्पट होतो. शिवाय एकत्र कुटुंबात आठ वाजता आजींनी दिलेले औषध नऊ वाजता आईही देते. पॅरासिटामॉलच्या अतिरेकाने यकृतास इजा होते. ॲस्पिरिन तर मुलांस देऊच नये. डेंग्यूची शंका असल्यास आयब्युप्रोफेनही टाळावे.

दुकानातील पैन्‌पैची नोंद ठेवणाऱ्या घरात तापाचीही नोंद असावी. तापमान, औषध, त्याची मात्रा आणि वेळ एका कागदावर लिहून तो सर्वांना दिसेल असा ठेवावा. मुलाने किती पाणी घेतले, लघवी किती वेळा झाली, हेही लिहावे. डॉक्टरांस हा कागद फार उपयोगी पडतो.

ताप तीन दिवसांहून अधिक राहिल्यास डॉक्टरांकडे जावे. धाप, झटका, मान ताठणे, ग्लानी किंवा पाणीही न टिकणे, यांपैकी काही दिसल्यास क्षणाचाही विलंब नको. डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरू लागताच सुरू होतो. त्या वेळी पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा गळून जाणे दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. म्हणून ताप उतरला तरी पुढचे दोन दिवस नोंदीचा कागद मिटू नये.