बिबट्याच्या शेजारी राहण्याचे शास्त्र

कल्याण पूर्वेतील एका इमारतीत नोव्हेंबर २०२२ मध्ये बिबट्या शिरला आणि काही रहिवासी जखमी झाले. ठाण्यातही फेब्रुवारी २०१९ मध्ये भरवस्तीत आलेल्या बिबट्याला वनविभागाने बेशुद्ध करून पकडले. अशा प्रत्येक घटनेनंतर एकच मागणी होते, ‘बिबट्यांना पकडून लांब सोडा.’ हा उपाय मात्र उलटू शकतो. दुसरीकडून पकडलेले बिबटे जुन्नर परिसरातील जंगलात सोडल्यावर तिथे माणसांवरील हल्ले वाढले, असे डॉ. विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी तिथेच राहील, याची खात्री नसते.

मग काय करायचे? याचे एक उत्तर येऊरच्या पाड्यांवर आहे. येऊर हा सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. कॅमेरा सापळ्यांच्या मदतीने झालेल्या गणनेत या परिसरात २०१५ मध्ये ३५, तर २०१८ मध्ये ४७ बिबटे आढळले. याच जंगलात वारली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. वाघोबा हा त्यांचा देव. वाघबारशीला त्याला नारळ, कोंबडी वाहिली जाते. ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर जिल्ह्यांत संशोधकांनी वाघोबाच्या दीडशेहून अधिक ठाण्यांची नोंद केली आहे. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पूजेमुळे हल्ले थांबतात, असा त्याचा निष्कर्ष नाही. कोंबड्या, शेळ्या जातात, कधी माणसालाही इजा होते. पण त्या नुकसानाकडे पाहण्याची आणि शेजार टिकवण्याची एक रीत या श्रद्धेतून समाजाला मिळते, असे त्यात दिसते.

या शेजाराचा आपल्या आरोग्याशीही संबंध आहे. उद्यानातील बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा सुमारे ४० टक्के असून ते वर्षाला साधारण दीड हजार कुत्री खातात, असा अंदाज २०१८ मधील एका संशोधनात मांडला गेला. त्यामुळे सुमारे हजार श्वानदंश आणि रेबीजची ९० संभाव्य प्रकरणे टळत असावीत, असे त्यांचे गणित. हे अनुमान आहे, आणि ‘बिबटे हवेत, कुत्री असू द्या’ असा त्याचा अर्थ नाही. उघड्यावरच्या कचऱ्यामुळे कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीत येतो. त्यामुळे कचरा उचलणे, कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही कामे टळत नाहीत. कुत्रा चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी व लगेच लस घ्यावी.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधील डेन्ट्री हे वर्षावन २०२१ मध्ये तिथल्या ईस्टर्न कुकु यलांजी या मूळ रहिवाशांना परत देण्यात आले. आता तिथले राष्ट्रीय उद्यान ते आणि सरकार मिळून सांभाळतात. आपल्याकडेही बिबट्यांबाबत धोरण ठरवताना पाड्यावरच्या माणसाला केवळ ‘बाधित’ न मानता जाणकार म्हणून बोलावले, तर शहराचाच फायदा आहे.

तोवर पाड्यांवरच्या साध्या सवयी आपणही उचलू शकतो. अंधारात एकटे न जाणे, सोबत विजेरी ठेवणे, मुलांना एकटे न सोडणे. बिबट्या दिसलाच तर गर्दी करू नये, त्याची निघून जाण्याची वाट अडवू नये आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.