मिशेल चुकली की सुलभा?

पॅरिसमधली मिशेल व्हिडिओ गेमची कंपनी चालवते. मुखवटा घातलेला माणूस घरात घुसून तिच्यावर बलात्कार करतो. ती फुटलेल्या काचा झाडते, अंघोळ करते, फोनवरून जेवण मागवते. पोलिसांत मात्र जात नाही.

पॉल व्हर्होवन यांच्या ‘एल’ (२०१६) या फ्रेंच थरारपटावरून प्रेक्षकांत दोन तट पडले ते इथेच. एका बाजूला ती कुणाची दया न मागणारी बाई वाटली, दुसऱ्या बाजूला पुरुष दिग्दर्शकाच्या डोक्यातली कल्पना. अमेरिकेत या भूमिकेला नामांकित नटी मिळेना, म्हणून चित्रपट फ्रान्समध्ये झाला. मिशेल साकारणाऱ्या इझाबेल ह्युपेर यांनी गोल्डन ग्लोब आणि सेझार, दोन्ही पुरस्कार पटकावले.

मराठीत असा वाद ओढवून घेतला ‘उंबरठा’ने (१९८२). शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन. थरारपट नव्हे, पण डिवचणारा तितकाच. स्मिता पाटीलची सुलभा लहान मुलीला सासरी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक होते आणि शेवटी घर सोडते. नवऱ्याचे बाहेरचे संबंध खपून जातात; तिची नोकरी खपत नाही! (मिशेलला निदान मुलाला कोणाकडे ठेवायचं, हे कुणी विचारत नाही. तो मोठा आहे.)

भोर-वेल्ह्यातल्या महिला मंडळांनी ‘उंबरठा’ एकत्र बसून पाहावा आणि सासवा-सुनांनी समोरासमोर भांडावं. ‘एल’ मात्र फक्त प्रौढांसाठी.