ग्वाल्हेरची जाळी आणि ‘फुग्यां’ची स्वस्त लेन्स

ग्वाल्हेर : मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्यात दगडी जाळी बरीच मागे ठेवून माणसाचा फोटो काढला, तर जाळीतून येणाऱ्या उजेडाचे साबणाच्या फुग्यांसारखे गोळे दिसू शकतात. ही करामत जुन्या जर्मन ‘ट्रायोप्लान’ लेन्सची. तिच्यात फक्त तीन भिंगं; त्यांच्यात उरलेल्या दोषामुळेच धूसर गोळ्यांची कड उजळते. पण जुन्या लेन्सला बुरशीची धास्ती, वर भावही चढे. चिनी ‘टीटीआर्टिझन’ने तीच तीन भिंगांची रचना १०० मिमी, एफ २.८ लेन्समध्ये स्वस्तात आणली. मात्र तिला ऑटोफोकस नाही, फोकस हातानेच फिरवायचा. त्यामुळे वरातीच्या धांदलीत ती कामाची नाही. निवांत पोर्ट्रेट काढायचे असतील तरच पैसे घाला. आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, नाहीतर फुगे दिसायचे नाहीत.